कडीचा झाकलेला जोड

"झोका बंद. ताई, उतरा आधी."

"काका, शूट चालू आहे!" मॅनेजर निखिल धावत आला. झोक्यावर लग्न ठरलेली मुलगी बसली होती, समोर होणारा नवरा आणि फोटोग्राफर. झोका पुढे गेला की खाली थेट ओढ्याचे खडक. मी दोर धरून ठेवला. ती उतरली.

मी रसायनीच्या कारखान्यात एकतीस वर्षं रिगर होतो. रिगर म्हणजे जड वस्तू दोरांनी, साखळ्यांनी उचलणारा. काही पडलं की साहेबांना सर्वांत आधी ज्याचं नाव आठवतं, तो. निवृत्तीनंतर कळंबच्या अप्पांनी त्यांच्या नव्या रिसॉर्टवर हा झोका टांगायला बोलावलं.

झोक्याचा दोर लोखंडी कडीतून जातो. लोखंडावर घासून तो झिजू नये म्हणून कडीला काथ्याची दोरी गुंडाळतात. एक फेरा घ्यायचा, टोक त्याच फेऱ्याखालून काढून आवळायचं, मग पुढचा फेरा. कडेने वेणी उमटते. फक्त वेल्डिंगचा जोड दोन बोटं उघडा ठेवायचा, कारण कडी तुटली तर तिथेच तुटते.

मी ठेवलाही होता. निखिल म्हणाला, "काका, फोटोत हे अर्धवट वाटतं."

अप्पा म्हणाले, "आरं सदा, झाकून टाक की. पाव्हणे काय कडी बघाया येतात?"

मी झाकला. दोघांना नाही म्हणता आलं असतं. पण वेणी इतकी सुरेख जमली होती, की ती मधेच तोडणं माझ्याच जिवावर आलं.

त्याला दोन पावसाळे झाले. त्या दिवशी सहज चक्कर मारायला गेलो, तर वेणीतून गंजाचे तांबडे ओघळ उतरून वाळलेले.

झोका थांबवल्यावर निखिलने तपासणीचं रजिस्टर आणलं. रोजची नोंद: 'कडी डोळ्यांनी पाहिली. ठीक.' खाली सही.

"दोरीच्या आत कशी पाहिली?"

"काका, फॉरमॅट तसाच आलाय."

तेवढ्यात अप्पा आले. "सदा, लग्नाची मंडळी हायेत. आजचा दिस जाऊ दे, उद्या बघू."

"चालेल. मग आज आधी तुम्ही बसा."

अप्पांनी कडीकडे पाहिलं. मग ओढ्याकडे. "शिडी आणा रं!"

मी वर चढून दोरी कापली. जोडाशी गंजाचे पापुद्रे होते. स्क्रूड्रायव्हर टोचला, तर अर्धी कडी भुग्यासारखी झडली. खाली आणून दाखवली. मुलगी ती हातात घेऊन गवतावरच बसली.

"हे कुणी बांधलं होतं?" तिने विचारलं.

अप्पा आणि निखिल, दोघांचं पुन्हा एकमत झालं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मीच," मी म्हणालो. एवढी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

आता कडी नवी आहे आणि जोड उघडा. निखिलने त्यावर प्लास्टिकची फुलं लावली आहेत. "काका, ही दोरी थोडीच आहे?" असं त्याचं म्हणणं. मी महिन्यातून एकदा जातो, चहा पितो, फुलं काढून टाकतो. आणि आपल्या कामाचं कुणी कौतुक करायला लागलं, की आधी शिडी मागतो.