शेजाऱ्याच्या हातून भाकर

रेव्ह. एस्तेरबाई तायडे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लिहायला बसले आहे, पण त्याआधी एक दुरुस्ती करणे भाग आहे. गेल्या नाताळात आपल्या मंडळीच्या पत्रिकेत माझा एक लेख आला होता. प्रभुभोजनाच्या वेळी आपल्याकडे कोणी स्वतःच्या हाताने भाकर घेत नाही, प्रत्येकाला ती शेजाऱ्याच्या हातून मिळते. ही पद्धत कशी सुरू झाली, ते मी त्यात सांगितले होते. ‘एका वयस्क भगिनीने ताट शेजारच्या बाईंना चुकवून पुढे नेले,’ असे वाक्य त्या लेखात आहे. ते वाक्य खोटे आहे. ताट मी चुकवले होते आणि तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

लेखाची सुरुवात बाईंच्या पहिल्या ओळखीने करावी, असे संपादक मंडळाने कळवले आहे. तशी ती करते. पण वरचे लिहिल्याशिवाय मला पुढचे काही लिहिता येईना.

बाई पहिल्यांदा आमच्या बाळापूरच्या घरी आल्या तेव्हा मी दहा वर्षांची होते. दम्यामुळे मी शाळेत जात नव्हते. तहसील कचेरीतून आल्यावर बाबा मला भाषा शिकवत आणि दुपारी आत्या गणित घेई. बाबा शिस्तीचे. लिहिताना चुकले तर रबर वापरायचे नाही, एक रेघ मारायची, चूक दिसली पाहिजे, असा त्यांचा नियम होता. घरच्या प्रार्थनेसाठी अमरावतीहून नव्या पाळकबाई येणार म्हणून त्यांनी माझ्याकडून पवित्र शास्त्रातला एक पूर्ण अध्याय पाठ करून घेतला होता. म्हणताना मी मध्येच एक शब्द चुकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा चुकले, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, “राहू दे ना तेवढं. पुढं जाय.”

“नाही. पहिल्यापासूनच.”

“बाप्पा!” बाई बाबांकडे बघून हसल्या. “इले या दुनियेत लय तरास होईन, साहेब.”

हसल्या खऱ्या, पण मग खुर्ची सोडून माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसल्या आणि अध्याय संपेपर्यंत उठल्या नाहीत. त्यांची अकोल्याची बस चुकली. बाबा ओशाळले. बाई म्हणाल्या, दुसरी येते. दुसरी बस दोन तासांनी होती, हे मला नंतर कळले.

पुढे कॉलेजसाठी मी अमरावतीला आले आणि बाईंच्या मंडळीत जाऊ लागले. ज्यांनी आमची मंडळी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हाला चर्चची इमारत नाही, घंटा नाही, मनोरा नाही. राजापेठेत एका शिकवणी वर्गाचा पहिल्या मजल्यावरचा हॉल आम्हाला रविवारी सकाळी मिळतो. फळ्यावर शनिवारची सूत्रे तशीच असतात. ती पुसायची नाहीत, असे बाईंनी सांगून ठेवले आहे. “पोराईचं काम अर्धं राह्यलं असन त्याच्यावर.” त्यामुळे आमचे प्रत्येक प्रवचन गतीच्या नियमांसमोर होते. बाकही मुलांचेच. अरुंद, डेस्क जोडलेले. एकदा बसलेल्या माणसाला शेजारी बसलेल्याचा स्पर्श टाळता येत नाही.

बाई मोर्शीच्या. संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणाऱ्या आईवडिलांच्या घरातून त्या धर्मशिक्षणाला गेल्या. तिथे त्यांचे बोलणे शुद्ध करायचा बराच प्रयत्न झाला, असे त्या सांगतात. प्रवचन त्या वऱ्हाडीतच करतात.

बाई आल्या तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणे पुरुष डावीकडे आणि बायका उजवीकडे बसत. एका रविवारी सोनल आली. तिच्या घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवले होते आणि आता ती बाई म्हणून जगते. ती दारातच थांबली. दारावर सेवेला विल्सनभाऊ होते. त्यांनी पुढे जाऊन बाईंच्या कानात विचारले, “कोणत्या बाजूले बसवू?” बाई उठल्या, पुरुषांच्या बाजूच्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “सोनल, इकडं ये माझ्यापाशी. आज पंखा याच बाजूचा सुरू आहे.”

विल्सनभाऊ गोंधळले. “मंग आमी कुठं बसावं, बाई?”

“हवा लागन तिथं बसा.”

त्या दिवसापासून बाजू राहिल्या नाहीत. काही कुटुंबे दोन-तीन रविवार आली नाहीत. बाई त्यांच्या घरी गेल्या, चहा प्यायल्या, बाजूंचा विषय काढला नाही. सोनल आता गायनमंडळात आहे आणि हा प्रसंग लिहायला तिने हो म्हटले आहे.

दुसरा प्रसंगही विल्सनभाऊंचाच आहे. आमच्याकडे उपासनेच्या शेवटी मोकळी प्रार्थना असते. ज्याला बोलायचे तो बोलतो. एकदा भाऊंनी डोळे मिटून प्रार्थना केली की, हे प्रभू, आमच्या गल्लीतला अमुक भाऊ रोज पिऊन येतो, काल तर बायकोवर ओरडला, त्याला सद्बुद्धी दे. तो अमुक भाऊ तिसऱ्या बाकावर बसला होता. बाईंनी डोळे उघडले. “भाऊ, त्याचा पत्ता देवाले माहीत आहे. तुमचा सांगा.” हॉलमध्ये हसू फुटले. भाऊही हसले आणि मग स्वतःबद्दल बोलले. ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून आमच्यात रीत पडली आहे की दुसऱ्याची चूक दुसऱ्याने बोलायची नाही, प्रार्थनेतही नाही आणि प्रार्थनेबाहेरही नाही. परवानगी मागितली तेव्हा भाऊ म्हणाले, “लिही, पन मी तवा नवीन होतो हे बी लिही.” ते तेव्हा सहा वर्षे वडीलमंडळात, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांत होते.

आता ताटाविषयी.

आमच्या मंडळीतल्या एका भावाची पत्नी वैशालीताई. त्या बौद्ध घरातल्या, सरकारी दवाखान्यात परिचारिका. लग्नानंतर त्या दर रविवारी नवऱ्याबरोबर येत. धर्म बदललेला नव्हता आणि बाईंनी तो विषयही कधी काढला नव्हता. सहभोजनाची भाजी त्या करत, कोणाचा रक्तदाब वाढला तर त्याच बघत. फक्त प्रभुभोजनाचे ताट हातोहात बाकावरून सरकत आले की त्या मान खाली घालून बसत. एका रविवारी ताट निघण्याआधी बाई म्हणाल्या होत्या की भोजनाचे मेज आपले नाही, मंडळीचे नाही, ज्याचे आहे त्याने कोणाला दारातून परत पाठवलेले नाही. बाई एवढेच म्हणाल्या होत्या. मी ते ऐकले होते.

पण लहानपणापासून मी घरी दुसरेच शिकले होते. बाप्तिस्मा न झालेल्याला भाकर दिली तर देणाऱ्यालाही दोष लागतो, असे बाबा मानत. ताट माझ्याकडे आले. माझ्या डावीकडे वैशालीताई आणि त्यांच्या पलीकडे रिबेकाकाकू. त्या रविवारी वैशालीताईंचा हात वर आला होता. अगदी थोडासा, डेस्कच्या कडेपर्यंत. मी तो पाहिला. आणि त्यांच्या समोरून ओणवी होऊन मी ताट काकूंच्या हातात दिले.

काकूंनी ताट घेतले, माझ्याकडे बघितले आणि ते मागे वळवून वैशालीताईंपुढे धरले. तोवर वैशालीताईंनी हात मांडीवर घेतला होता. “राहू द्या, काकू,” त्या म्हणाल्या.

बाई समोर उभ्या होत्या. त्यांनी सगळे पाहिले. ताट परत आले तेव्हा त्यांनी ते मेजावर ठेवले, आमच्या बाकाशी आल्या, मला थोडे सरकायला सांगितले आणि माझ्या व वैशालीताईंच्या मध्ये बसल्या. “आज मी बी थांबते,” एवढेच म्हणाल्या. त्या दिवशी आमच्या पाळकांनी प्रभुभोजन घेतले नाही.

 मी पुढचे दोन रविवार गेले नाही, तर बाई खोलीवर डबा घेऊन आल्या. डब्यात पिठलं होते. माझा दमा कसा आहे ते विचारले, पंप संपत आला होता तो बघितला आणि संध्याकाळी नवा आणून दिला. पुढच्या प्रभुभोजनाला नवी रीत सुरू झाली. स्वतः भाकर घ्यायची नाही. शेजाऱ्याचे नाव घ्यायचे आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवायचा, शेजारी जो कोणी असेल त्याच्या. त्या दिवशी बाईंनी मला वैशालीताईंच्याच शेजारी बसवले. मी त्यांचे नाव इतके हळू घेतले की ते मलाच ऐकू आले. त्यांनी तरीही हात पुढे केला.

बाबांना हे अजून पटलेले नाही. बाई बाळापूरला गेल्या की दोघांचा तासभर वाद होतो आणि वाद झाल्यावर बाबा त्यांना बसपर्यंत सोडायला जातात.

वैशालीताईंची नंतर अकोल्याला बदली झाली. आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी त्यांच्या घरी छोटी मंडळी जमते आणि बाई सकाळची उपासना उरकून एसटीने तिकडे जातात. तिथे येणाऱ्यांत बाप्तिस्मा झालेले किती आणि न झालेले किती, असे मी एकदा विचारले होते. “चपला मोजून पाह्य दाराशी,” बाई म्हणाल्या. “त्याच्यावरून समजलं त मले बी सांग.”

गेल्या वर्षी मी नाताळचा लेख लिहिला. त्यातला प्रत्येक तपशील दोनदा तपासला. हॉलमध्ये बाक किती, पद्धत कोणत्या महिन्यात सुरू झाली, कोणाच्या नावात ऱ्हस्व आणि कोणाच्या दीर्घ. पहिल्या मसुद्यात ‘एका भगिनीने’ एवढेच होते. संपादकांनी फोन करून विचारले, तरुण की वयस्क, वाचणाऱ्याला चित्र दिसायला हवे. मी म्हटले, वयस्क. ते सांगायला मला एक क्षणसुद्धा लागला नाही. या गोष्टीने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केले आहे.

त्या बाकावर वयस्क बाई एकच बसत, रिबेकाकाकू. मंडळीला कळायला वेळ लागला नाही. कोणी काकूंना टोचून बोलले नाही, कारण तशी आपल्यात रीत नाही. फक्त काकूंच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. मग काकू शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागल्या. पावसाळ्यात मी त्यांच्या गुडघ्याचे औषध द्यायला घरी गेले होते. त्यांनीच विषय काढला.

“तुझा लेख वाचून घेतला म्या नातवाकडून. मलेच आठवत नाही पाह्य. पन केलं असन मी.”

“काकू, तुम्ही नाही केलं.”

“तू कशाले समजवते? बाईबी तसंच म्हनतात. काकू, तुमी नाही केलं, मी समोरून पाह्यलं. मंग कोनं केलं, म्या इचारलं. त म्हने, ज्यानं केलं तो सांगन. म्हाताऱ्या मानसाले असंच गोड बोलतात.” मग स्वतःच हसल्या. “अठ्ठ्याहत्तर झाले मले. चष्मा डोक्यावर असते अन् घरभर शोधते. वैशाली येनार आहे ना अकोल्याहून, बाईच्या साठीले? तवा सगळ्याईसमोर माफी मागून घेते म्हटलं तिची. डोळे मिटाच्या आधी झालेलं बरं.”

मी त्यांच्यासमोर बसले होते. औषधाची बाटली माझ्याच हातात होती. मी म्हटले, ही रात्री लावा. आणि निघून आले.

बाईंनी माझा लेख छापून आल्याच्या आठवड्यातच वाचला होता. भेटल्यावर त्यांनी विचारले, “सगळं लिहून झालं का तुयं?” मी हो म्हटले. “बरं,” त्या म्हणाल्या.  नंतर या अंकासाठी लेखकांची नावे निघाली, तेव्हा माझे नाव बाईंनी सुचवले, असे संपादकांकडून कळले.

कधी कधी वाटते, बाईंनी मंडळीसमोर उठून एक वाक्य बोलायला हवे होते. काकूंचे इतके महिने गेले नसते. त्यांच्या रीतीची किंमत एका निरपराध म्हातारीने मोजली, असेही वाटते, आणि हे मी गौरवलेखात लिहीत आहे याची मला भीती वाटते. पण जिला ते वाक्य बोलता येत होते ती मी होते, आणि बाईंनी काकूंना खरे तेच सांगितले होते. फक्त माझे नाव तेवढे त्यांनी मीच सांगावे म्हणून ठेवले.

बाई, आपण साठ वर्षांच्या झालात. आपले गुडघे आम्हाला जिना चढताना ऐकू येतात, तरी दुसऱ्या रविवारची एसटी आपण चुकवत नाही. आपल्याला चालती-फिरती, बोलती, वाद घालती अशी पुष्कळ वर्षे मिळोत. आपला श्वास मोकळा राहो, जेवणाला चव राहो आणि ज्यांच्यासाठी आपण इतकी वर्षे वाट पाहिली, त्यांनी आपल्याला आता फार थांबवू नये. मंडळीतल्या प्रत्येकाच्या वतीने मला असे लिहायला सांगितले आहे. शेवटचे तेवढे माझे आहे.

समारंभ रविवारी आहे. काकू त्या दिवशी माफी मागायला उभ्या राहणार नाहीत, असे मला बघायचे आहे. त्यांचे नाव या लेखात ठेवायचे की काढायचे, हे त्यांना विचारायचे आहे. त्यांनी नको म्हटले तर ते काढावे, माझे मात्र राहू द्यावे, असे मी संपादकांना कळवले आहे. अंक बुधवारी छापखान्यात जातो. काकूंकडे मी मंगळवारी सकाळी जाणार आहे.