चाल : स्वतंत्र

दर गुरुवारी मी अमेरिकेतल्या आमच्या नोव्हायहून गाडी काढते आणि पंचवीस मिनिटांवरच्या एका गावच्या लायब्ररीत जाऊन जुनी गाणी कॉम्प्युटरवर चढवते. पगार नाही, कॉफी फुकट आहे. नवरा याला रिकामपणचे उद्योग म्हणतो, आणि त्याचं फारसं चुकत नाही. गाणी म्हणजे सुटे कागद. दीडशे वर्षांपूर्वी इथं कुणी बुडालं, लढाईत पडलं किंवा कुणाचं लग्न लागलं, की त्यावर गाणं रचायचे, कागदाच्या एकाच बाजूला छापायचे आणि रस्त्यात उभं राहून विकायचे. भोवती वेलबुट्टीची चौकट, वर एखादं जहाज. छापखान्याकडे ठसा एकच असायचा, त्यामुळे लग्नालाही तेच जहाज आणि बुडालेल्यालाही तेच.

स्वर कुठेच छापलेले नसतात. शब्दांच्या वर फक्त एक ओळ असते, अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावे. ते अमुक गाणं पुष्कळदा आता कुणालाच येत नाही. पहिल्या दिवशी ती ओळ मी दोनदा वाचली, कारण तसाच एक कागद माझ्या कपाटात आहे.

तो गुलाबी आहे. आमच्याकडे तेव्हा लग्नात घरच्याच कुणीतरी मंगलाष्टकं रचायची, कोपऱ्यावरच्या छापखान्यातून शंभर-दोनशे प्रती काढायच्या आणि अक्षतांबरोबर वाटायच्या, अशी पद्धत होती. माझी मंगलाष्टकं ताईनं लिहिली. वृत्ताबित्ताच्या भानगडीत ती पडली नाही, म्हणून ती नेहमीच्या चालीत बसेनात. मग तिनं स्वतःच चाल लावली, एकटीनं गायली, आणि कागदावर छापून घेतलं, ‘चाल : स्वतंत्र’. गुरुजी फुरंगटले होते. मला मुंडावळ्या टोचत होत्या, त्यामुळे माझं लक्ष निम्मंच होतं.

नंतर मी इकडे आले. इतकी वर्षं आम्ही फोनवर तासन्‌तास बोललो, गुडघे, कामवाली, कुणाच्या सुनेचं काय, सगळं बोललो. ती चाल मात्र मी कधी विचारली नाही. चाल काय, ताईकडे आहेच, असं मी धरून चालले होते. चार वर्षांपूर्वी ताई गेली.

तेव्हापासून कधीकधी इस्त्री करताना पहिली ओळ ऐकू येते. तिच्याच आवाजात, शेजारच्या खोलीतून यावी तशी. मी इस्त्री उभी करून कान दिला, की पुढचं काही येत नाही. मी घाबरट बाई नाही, पण घरात एकटी असले की हल्ली रेडिओ लावून ठेवते.

मागच्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. ती इथंच जन्मलेली, शिकागोत फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं फोनवर सांगितलं, “आई, मावशीचं ते पिंक पेपरवालं साँग मला हवंय. नो रेकॉर्डिंग, ओके? यू सिंग इट.” मी म्हटलं, “अगं, मला त्याची चाल आठवत नाही.” ती म्हणाली, “कमॉन आई, वेडिंगचा व्हिडिओ आहे ना.”

व्हिडिओ होता. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर आणून घेतलेला. पण आमच्या शूटिंगवाल्यानं हौसेनं संपूर्ण लग्नावर सनई चढवली होती. अंतरपाटाच्या बाजूला हिरव्या शालूतली ताई उभी आहे, हातात कागद आहे, तोंड उघडतंय, मिटतंय, गळ्याची शीर फुगतेय, आणि ऐकू येते ती सनई. आवाज बंद करून पाहिलं. तिच्या ओठांबरोबर ओठ हलवून पाहिले. ती मला काहीतरी सांगत असावी आणि मी बहिरी झाले असावे, असं वाटून मला रडू फुटलं. तो व्हिडिओ मी त्या आठवड्यात रोज पाहिला.

लायब्ररीत आमच्या विभागाच्या बाई आहेत, पंचाहत्तरीच्या, पूर्वी शाळेत संगीत शिकवायच्या. एका गुरुवारी माझ्यापुढे एक कागद आला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तळ्यात बुडालेल्या मुलीचं गाणं. बाई म्हणाल्या, हे माझी आजी म्हणायची. चाल हीच की दुसरी, देव जाणे, ज्याच्या तोंडात जी बसेल ती तो लावायचा. असं म्हणून त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली, आणि ताईचे शब्द आपणहून त्या सुरांवर जाऊन बसले.

मी ते त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याकडून तीन गुरुवार तेच गाणं म्हणवून घेतलं आणि गाडीत घोकत घरी आले. बुडालेल्या पोरीची चाल पोटच्या पोरीच्या लग्नात! आमच्या आईला कळलं असतं, तर तिनं दृष्टबिष्ट काढली नसती, सरळ थोबाडीत दिली असती. मला भीती वाटत होती. पण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

लग्नात मी गायले. दुसऱ्या कडव्यात ताईनं लिहिलंय की धाकटी दूर चालली, आता तिच्या ताटाशेजारी माझं ताट कोण मांडेल. तिथं माझा आवाजच गेला. मी थांबले, श्वास घेतला आणि पुढचं म्हटलं. अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. मुलगी अंतरपाटापलीकडून हसत होती.

जेवणं झाल्यावर भाऊजी, ताईचे यजमान, माझ्याशेजारी येऊन बसले. लग्नासाठी ते पुण्याहून एकटेच आले होते. हातातली जिलबी तशीच होती. म्हणाले, “तिचीच चाल.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं. “भाऊजी, अहो, ही चाल...”

“मी विसरलो होतो गं,” ते म्हणाले. “चार वर्षं आठवायचा प्रयत्न करतोय. भाजी निवडताना गुणगुणायची ती, आणि त्या ताटाच्या ओळीला दरवेळी थांबायची. म्हणायची, इथं माझा श्वास पुरत नाही. तू पण बरोबर तिथंच थांबलीस.”

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी खिशातून फोन काढला, रेकॉर्डिंगचं बटण शोधायला त्यांना वेळ लागला. मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, “एकदा परत म्हण. मला घरी न्यायचीय.”

मी पहिल्या ओळीपासून म्हटलं, आणि ताटाच्या ओळीला या वेळी मुद्दाम थांबले.