अंगात न टिकणारं मीठ

अठ्ठ्याहत्तर साली मी इस्लामपूरहून सांगलीला एसटीने कॉलेजला जायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अनोळखी माणसांशी बोलायला बिचकायचो, पण बघायचो सगळं.

एकदा शेजारच्या बाकावर एक तरुण बाई तान्हं बाळ घेऊन बसली होती. तिने पुडीतलं चिमूटभर मीठ वाटीतल्या पाण्यात विरघळवलं आणि ती चमच्याने बाळाला पाजू लागली.

तिच्याजवळची म्हातारी ओरडली, "अगं ए, अजून उष्टावण न्हाई झालं त्याचं, आन् मीठ पाजतीस? मारतीस काय लेकराला?"

सगळे वळून बघू लागले. बाईचा हात थांबला नाही.

"आवं मावशी, ह्याच्या अंगात मीठ टिकत न्हाई. लघवीतनं जातं. थोरला असाच ओकून ओकून सुकला आन् गेला. कुणालाच कळलं न्हाई. म्हणून हा झाल्या झाल्या मीच डाक्टरला म्हटलं, आधी ह्याचं रगत तपासा. आता गोळी हाय, मापानं मीठ हाय. जगतोय की!"

तिच्या आवाजात दुःख होतं का, मला नीटसं सांगता येणार नाही. भीती मात्र नव्हती.

पुडी बांधायला तिने बाळ म्हातारीच्याच मांडीवर दिलं. जरा वेळाने म्हातारी दचकली. लुगडं ओलं झालं होतं.

"गेलं बघा मीठ!" बाई हसली.

म्हातारीने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"मग हसतीस काय? घाल की आणखी एक चमचा!"