लुशियस टॉलिव्हरची स्वच्छ गल्ली

पश्चिम फिलाडेल्फियातल्या कॉलिस्टर स्ट्रीटचा लुशियस टॉलिव्हर एकोणीस वर्षं गल्लीप्रमुख होता. या पदाला पगार नाही, गाडी नाही, शिपाई नाही. गल्लीतल्या निम्म्याहून जास्त घरांच्या सह्या गोळा करून पालिकेत नेऊन द्यायच्या, की पालिका एक प्रमाणपत्र, दोन झाडू आणि काळ्या पिशव्यांचं एक बंडल हातात ठेवते. लुशियस सांगायचा, "जन्मात एकच निवडणूक जिंकलो, आणि तीसुद्धा समोर कुणी उभं राहिलं नाही म्हणून."

धंद्याने तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर. बस सकाळी साडेसहाला काढायची, म्हणून पाचला उठून आधी गल्ली झाडायची. स्वतःच्या ओट्यापासून सुरुवात करून कोपऱ्यापर्यंत जायचं आणि समोरच्या बाजूने परत यायचं. त्याची बायको व्हर्ना होती तेव्हा म्हणायची, "घरातल्या चहाच्या कपाला या माणसाचा हात लागत नाही, पण रस्त्यावरचं पान पडायच्या आत झेलतो." ते खोटं नव्हतं. लुशियसचं स्वयंपाकघर बघितलं असतं तर पालिकेने झाडू परत मागून घेतले असते.

पण गल्ली म्हणजे काचेचा आरसा. दर दोन ओट्यांमागे एक अर्धं कापलेलं लाकडी पिंप, त्याला पांढरा रंग, त्यात लाल बेगोनियाची फुलं. दर ऑगस्टला स्वच्छ गल्लीची स्पर्धा असे आणि परीक्षक येण्याच्या आदल्या शनिवारी लुशियस रस्ता बंद करून आख्ख्या गल्लीला कामाला जुंपत असे. तीन वेळा पहिला नंबर आला. पेपरात आलेला फोटो त्याने चौकटीत घालून न्हाणीघराच्या दाराशी टांगला होता. पाहुण्यांची नजर तिथे हमखास जाते, असं त्याचं गणित.

अव्हेन्यूच्या, म्हणजे हमरस्त्याच्या, पलीकडची पेंडर स्ट्रीट याच घरांची जुळी बहीण. तीच लाल वीट, तेच खांद्याला खांदा लावून उभे असलेले ओटे. पण तिकडे झाडं नाहीत, दिव्यांच्या खांबांपैकी निम्मे झोपलेले आणि कचऱ्याची गाडी मनात आलं तर येणार. लुशियस तिकडे बघून मान हलवायचा. म्हणायचा, "मनावर घेतलं तर माणूस काय करू शकत नाही." हे वाक्य पुढे त्याला फार महागात पडलं. म्हणजे तो ते स्वतःच सांगायचा आणि वर स्वतःच हसायचा.

आधी कोपऱ्यावरचं कपडे धुण्याचं दुकान गेलं आणि तिथे कॉफीचं दुकान आलं. एका कॉफीच्या पैशांत पूर्वी तिथे दोन वेळा धुणं होत असे. मग लोक गल्लीतून चालताना थांबून घरांकडे बघायला लागले, लग्नाच्या मुलीकडे बघावं तसे. लुशियसला वाटलं, बेगोनिया बघतायत. त्याने त्या वर्षी आणखी चार पिंपं वाढवली.

त्याचं घर भाड्याचं होतं. सत्तावीस वर्षं. मुलगी तिथेच वाढली, व्हर्ना तिथूनच गेली. मालक म्हातारा फुस्को. त्याने भाडं कधी फारसं वाढवलं नाही आणि छताची गळतीही कधी दुरुस्त केली नाही. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं. सप्टेंबरात म्हातारा वारला आणि त्याचा मुलगा कार्माइन ओट्यावर येऊन बसला.

"लुशियस, खरं सांगू? बाबांच्या घरात काही दम नाही. छत गळतं, तळघरात पाणी येतं. पण एजंट म्हणतो, गल्लीला भाव आहे."

"गल्लीला?"

"तुझ्या पिंपांना म्हण ना."

त्याने फोनवर जाहिरात दाखवली. 'फुलांनी नटलेल्या पुरस्कारप्राप्त गल्लीतलं घर.' फोटोत घर कमी आणि बेगोनिया जास्त. एका कोपऱ्यात पिंपावर वाकलेला एक माणूस, डोकं कापलेलं, पाठ तेवढी दिसतेय. लुशियसने ती पाठ ओळखली. पुढे तो सांगत असे, "माझ्या घराबरोबर माझं बूडसुद्धा विकायला काढलं होतं, आणि त्याचं मला एक सेंटही मिळणार नव्हतं."

कार्माइन माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं, "ऑक्टोबर संपेपर्यंत गिऱ्हाईक आलं तर आलं. नाही आलं तर मी चाललो फ्लोरिडाला, तिथून मला हे झंझट नको. मग तू राहा आहेस तसा. भाड्यात थोडी भर घाल म्हणजे झालं."

लुशियसने त्या आठवड्यात चार-पाच ठिकाणी भाडी विचारली. कॉलिस्टर स्ट्रीटवर बस ड्रायव्हरच्या पगारात आता एका खोलीत उभं राहता आलं असतं. झोपायचे पैसे वेगळे. तेव्हा ऑक्टोबर संपेपर्यंत गिऱ्हाईक येऊ न देणं, एवढंच त्याच्या हातात होतं.

तो समोरच्या मिस ओडेसाकडे गेला. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, घर स्वतःचं, जीभ त्याहून स्वतःची.

"बस," ती म्हणाली. "घर माझं आहे म्हणून मी सुखात आहे असं समजू नकोस. घरपट्टी तिप्पट झालीय. तुझ्या बेगोनियांना घातलेलं पाणी सगळं माझ्या घरपट्टीला लागलं."

"मिस ओडेसा, मी तर चांगल्यासाठी…"

"चांगल्यासाठीच तर. पेंडर स्ट्रीटवर कुणी काही चांगलं केलं नाही. तिथले लोक बघ, आहेत तिथेच आहेत. आता एक कर. घाण कर."

"काय?"

"गल्ली घाण कर रे लेका. मंडळी शनिवारी घर बघायला येणार ना? शुक्रवारी घाण कर."

एकोणीस वर्षांच्या गल्लीप्रमुखाला हे म्हणजे पाद्र्याला चर्चमध्ये थुंकायला सांगण्यासारखं होतं. पण निकड मोठी होती. शुक्रवारी दुपारी लुशियसने सगळी पिंपं एकेक करून मागच्या अंगणात लोटली. अव्हेन्यूवरून दोन पिशव्या भरून रिकाम्या डब्यांचा कचरा आणला. तो आपल्याच ओट्यासमोर पसरला. फुटकी खुर्ची, टायर आणि एक मोडका पंखा बाहेर काढून ठेवला. शेजारच्या क्लीओफसने आपली गाडी विटांवर चढवली आणि जुना सोफा फुटपाथवर आणून टाकला.

मिस ओडेसा पाहणीला आली. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"लुशियस, हे डबे एका रांगेत का आहेत?"

लुशियसने बघितलं. डबे खरंच रांगेत होते. उंचीप्रमाणे.

"कचरासुद्धा शाळेच्या मुलांसारखा उभा केलास की रे," ती म्हणाली आणि काठीने ती रांग मोडली.

शनिवारी अकरा वाजता मंडळी आली. हॅडली आणि कोल्बी, तिशीतलं जोडपं, बरोबर एक कुत्रा. कार्माइनने गल्ली बघितली आणि त्याचा चेहरा पडला. मिस ओडेसा डोक्याला केस कुरळे करायच्या गुंडाळ्या लावून सोफ्यावर बसली होती. क्लीओफसने गाडीचा रेडिओ मोठ्याने लावला होता. लुशियस नुसत्या बनियनवर ओट्यावर बसलेला, चेहऱ्यावर जमेल तेवढा गुंडपणा आणून. ज्या चेहऱ्याने त्याने तीस वर्षं बालवाडीच्या पोरांना बसच्या पट्ट्या बांधल्या होत्या, त्यावर तो बसेना.

"इथे फार आवाज असतो," मिस ओडेसाने आपणहून सांगितलं. "मध्यरात्रीपर्यंत गाणी."

"खरंच?" हॅडली म्हणाली. "आमच्या ब्रुकलिनच्या इमारतीत सात वर्षांत शेजाऱ्याचं नाव कळलं नाही. इथे बसू का?" आणि ती चक्क सोफ्यावर बसली. कुत्रा मिस ओडेसाच्या पायाशी लोळला.

"उंदीर आहेत," मिस ओडेसा म्हणाली.

"ब्रुकलिनलाही होते. तिथे तर त्यांचंही भाडं आम्हीच भरत होतो."

मिस ओडेसाला हसू आलं. ते तिने खोकल्यात दडवलं. पण गिऱ्हाईक अजून घरात शिरलं नव्हतं. कोल्बी छताकडे बघत होता, कार्माइन घाम पुसत होता. छताचा डाग एकदा दिसला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. एवढ्यात हॅडली लुशियसकडे वळून म्हणाली, "जाहिरातीत ती सुंदर फुलं होती. ती कोण लावायचं हो?"

आता बघा. एकोणीस वर्षांत हा प्रश्न लुशियसला कुणी विचारला नव्हता. परीक्षकांनी नंबर दिले, पेपरवाल्यांनी फोटो काढले, पण ओट्यावर थांबून, त्याच्या डोळ्यांत बघून, 'कोण लावायचं' असं कुणी विचारलं नव्हतं.

मिस ओडेसाने काठी आपटली. लुशियसला ती ऐकू आली नाही.

"मी," तो म्हणाला.

मग त्याने त्यांना मागच्या अंगणात नेलं. पिंपं दाखवली. बेगोनियाला ऊन कुठल्या बाजूने लागतं, बर्फ पडायच्या आधी कंद कधी काढायचे, गटाराची कुठली जाळी तुंबते, रस्ता बंद करायचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा. न्हाणीघराच्या दाराशी नेऊन चौकटीतला फोटो दाखवला. सव्वा तास. वर छताचा डाग आला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "याची चिंता करू नका, छताचं काम करणारा एक माझ्या ओळखीचा आहे. प्रामाणिक माणूस."

बाहेर आल्यावर कोल्बीच्या कपाचं झाकण वाऱ्याने उडालं. ते जमिनीला टेकायच्या आत लुशियसने झेललं.

मंडळी गेली. क्लीओफसने रेडिओ बंद केला. मिस ओडेसा म्हणाली, "एजंटाला सहा टक्के मिळतात. तुला काय मिळालं?"

"विचारलं त्यांनी, मिस ओडेसा."

"ऐकलं मी."

"चांगली माणसं आहेत हो."

"तेच तर दुखतंय," ती म्हणाली आणि एकेक गुंडाळी काढायला लागली.

मंगळवारी सौदा पक्का झाला. लुशियसला साठ दिवस मिळाले. पेंडर स्ट्रीटवरही तोवर एक कॉफीचं दुकान येऊ घातलं होतं, म्हणून तिथलंही भाडं हाताबाहेर गेलं. डिसेंबरात तो उत्तरेकडे, दोन बस बदलून जावं लागतं अशा एका गल्लीत राहायला गेला. सामान उतरवताना शेजारच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. खुर्च्यांना गादी भरण्याचं काम करणारा ऑगी ब्लंट. त्याने सगळं सामान शांतपणे बघितलं. चार पांढरी पिंपं उतरली तेव्हा तो उठून उभा राहिला.

"कुठून आलास?"

"कॉलिस्टर स्ट्रीट."

"ती नंबरवाली?"

"तीच," लुशियस म्हणाला, जरा छाती काढून. सवय जात नाही.

ऑगीने पिंपांकडे बघितलं, मग गल्लीकडे. दोन्ही बाजूंना भाडेकरू राहणारी चौदा घरं होती. "हे बघ भाऊ," तो म्हणाला, "माणूस भला दिसतोस. पण ती पिंपं पुढे ठेवू नकोस. माझे गुडघे गेलेत, मला आता घर बदलायचं नाही."

लुशियसने आठ दिवस हात खिशात घालून काढले. नवव्या दिवशी ऑगीने दार ठोठावलं. बाकीच्या घरांशी त्याचं बोलणं झालं होतं. म्हणाला, "घरांच्या मागे बोळ आहे. तिथे कुणी फोटो काढायला येत नाही. तिथे काय करायचं ते कर. पुढे मात्र पानगळीत पानं तशीच पडून राहू देत जरा."

एप्रिलात त्या बोळात बेगोनिया लागले. संध्याकाळी चौदा घरांच्या खुर्च्या मागच्या दाराशी येतात. मिस ओडेसा एका रविवारी दोन बस बदलून आली, काठीने एकेक पिंप ठोकून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. बोळाला फाटक लावून घे."