झाडावर ठेवलेलं एक फूल

सिंगापुरात येऊन अठरा वर्षं झाली, पण इथल्या झाडाच्या फुलाला मी कधी हात लावलेला नाही. चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकखाली चाफा नुसता लगडलेला असतो, तरी दंडाच्या भीतीने देवाची फुलं मी विकतच आणते. पुण्यात मात्र माझ्या सकाळी हातात पिशवी घेऊन लोकांच्या कुंपणांवरून फुलं तोडण्यात गेल्या. खोटं कशाला बोलू?

ती खोड नेमकी वेल्समध्ये उफाळून आली. माझी मुलगी तिथल्या एका जुन्या हवेलीच्या बागेत वर्षभराच्या उमेदवारीवर आहे. इंजिनीअर आईबापांची पोर माळीकाम करणार म्हणून मी आधी बरीच आदळआपट केली. मग एप्रिलमध्ये तिच्याकडे राहायला गेले, बाग पाहिली आणि गप्प बसले. टेकडीवरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली बाग, भिंतीसारखी सरळ कातरलेली उंच कुंपणं, खाली तळं, आणि आपोआप वाहतोय असं वाटावं म्हणून कोण्या मालकाने फार पूर्वी मुद्दाम वळवून आणलेला ओढा. वर्ष संपलं की तिला पक्क्या नोकरीचं पत्र मिळणार होतं. पत्र नाही तर व्हिसा नाही, आणि तिला जन्मात दुसरं काही करायचंच नव्हतं.

मी परत निघाले त्या दिवशी संकष्टी होती. पर्समधला पितळी गणपती तिच्या खोलीच्या खिडकीत मांडला, तर वाहायला फूल नाही. ती फाटक उघडायला गेली होती. मी खाली उतरले. बागेत चिटपाखरू नव्हतं. एका झाडाची फांदी पार खाली वाकलेली, तिच्यावर पान एक नाही आणि गुलाबी फुलं चार, कमळाएवढाली. आपल्या चाफ्याच्याच जातीचं वाटलं. मी तीन तोडली. झाड ओरबाडू नये, एक तरी फूल त्याच्याकडे ठेवावं, ही माझ्या आईची शिकवण मी पाळली. निघताना निर्माल्य ओढ्यात सोडलं आणि विमानतळ गाठला. फार छान पूजा झाली म्हणून वाटेत खूशही होते.

मंगळवारी संध्याकाळी आठला तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे जेवणाची सुट्टी होती.

"आई, माझं पत्र थांबलंय."

तिने सांगितलं, बागेत कोणे एके काळी हिमालयातून आणलेल्या बियांचं एक झाड होतं. कित्येक वर्षांनी यंदा ते पहिल्यांदा फुललं होतं, चारच फुलं. त्यांचं बी धरायचं होतं. तीन कोणीतरी तोडून नेली. त्या सकाळी बागेचं फाटक हिने उघडलं होतं, म्हणून मुख्य माळीणबाई हिलाच विचारत होत्या.

माझ्या तोंडातून काय निघावं? "कोण बाई करतं असली कामं!" ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग कामावर जाते म्हणाली.

नवरा समोर जेवत होता. त्याला सगळं सांगितलं, तर म्हणतो कसा, "देवासाठी चोरी केलीस, म्हणजे पाप निम्मं." मी डाफरले. तेव्हा हात धुऊन शांतपणे म्हणाला, "आधी तिच्याशी बोल. तिला विचारल्याशिवाय काही करू नकोस."

पण ऐकेन तर ती मी कसली! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी साडेसहाला, ती तिकडे झोपलेली असताना, मी माळीणबाईंना मेल लिहिला. फुलं मी तोडली, मुलीला यातलं काही माहीत नाही, तिला शिक्षा करू नका. पाठवला आणि तेव्हा कुठे चहा घशाखाली उतरला.

संध्याकाळी तिचा फोन आला, नुसता आवाज.

"आई, तू मेल केलास?"

"हो. खरं काय ते सांगून टाकलं. आता तुझ्यावर आळ नाही."

मग तिने आदल्या दिवसाचं सांगितलं.

"काल तुझा चेहरा बघितला तेव्हाच मला कळलं गं. सुट्टी संपल्यावर मी बाईंकडे गेले आणि म्हटलं, फुलं मीच तोडली, पूजेला. त्या रागावल्या. पण खरं सांगितलंस म्हणाल्या, पत्रावर सही करते."

मी सॉरी म्हणाले. फुलं तोडली ती मी, खोटं बोलले ती मी, आणि बागेत खोटारडी ठरली माझी मुलगी.

बाईंनी तिला काढलं नाही. मुदत सहा महिने वाढवली आणि पत्राचं ऑक्टोबरात बघू म्हणाल्या. राहिलेल्या त्या एका फुलाला फळ धरलंय. तेही ऑक्टोबरातच पिकेल, आणि त्याची देखभाल बाईंनी हिच्याकडेच दिली आहे. मी दर फोनला आधी त्या फळाची चौकशी करते, मग तिची. बाईंना मी एकदा भेटून येऊ का, निदान एक पत्र पाठवू का, असंही परवा विचारलं.

"आई," ती म्हणाली, "ऑक्टोबरपर्यंत तू काहीही करू नकोस. नुसती थांब."

ती रागावलेली नव्हती, हेच मला सोसत नाही. तिने माझ्याकडे एवढंच मागितलंय, आणि तेवढंच मला जन्मात कधी जमलेलं नाही.