वाढ्याच्या ट्रकमागची एसटी

शलमोन पारधे नगर–मिरजगाव एसटी चालवायचा. तेव्हा डांबर दीड गाडीच्या रुंदीचं. पुढच्याला ओलांडायचं तर हॉर्न द्यायचा, त्यानं डावी चाकं खाली मातीत उतरवून हात हलवला की आपण उजवीकडून निघायचं. अठरा वर्षं त्यानं अशीच गाडी हाकली, कुणाला खरचटलंही नव्हतं.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत, दुष्काळात, त्याच्यापुढं जनावरांच्या छावणीकडं निघालेला उसाच्या वाढ्यांचा, हिरव्या शेंड्यांच्या चाऱ्याचा ट्रक आला. मैलभर साइड मिळेना. उतारू कुरकुरू लागले. शलमोननं परत हॉर्न दिला. ट्रकच्या खिडकीतून हात बाहेर आला, दोनदा हलला. ट्रकची चाकं मातीत उतरायची वाट न बघता शलमोननं गाडी उजवीकडं काढली.

ट्रकच्या बरोबरीला आल्यावर त्याला समोर उजव्या कडेला दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया दिसल्या. ब्रेक दाबला तरी गाडी घसरतच निघाली. त्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. ट्रकवाल्यानं एकदा बाजूला पाहिलं आणि ट्रक सरळ डावीकडच्या खोल चारीत घातला. मोकळ्या झालेल्या डांबरावर शलमोननं एसटी वळवून घेतली. मागच्या चाकाखाली खडीची एक पाटी चिरडली. पाटीची मालकीण राहीबाई हातोडा धरूनच गाडीसमोर आली. मग तोंडाला येईल ते बोलली.

ट्रकचा पुढचा आस मोडला होता. ड्रायव्हर कारभारी कपाळावरचं रक्त पुसत म्हणाला, "म्या तुमाला हात दिलाच न्हवता, दादा. वाढं लोंबून आरशावर आलं हुतं, ते सारत हुतो. मागचं कायीच दिसंना."

डेपोत जबाब लिहिताना कारकुनानं सल्ला दिला, "ट्रकवाल्यानं हात दाखवला, एवढंच लिहा. तुमच्यावर काही येत नाही."

खोटं तरी काय होतं त्यात? हात हललाच होता. पण त्या एका ओळीनं कारभारीची नोकरी गेली असती. घरी बायको मार्था म्हणाली, "अवो, आपलीबी चार तोंडं हायेत खायाला."

"त्यानं सवताचा ट्रक चारीत घातला, मार्था. न्हाई तर त्या बाया..."

त्यानं जबाबात लिहिलं: हात हललेला पाहिला, कशासाठी हलला ते पाहिलं नाही. पुढचा रस्ता दिसत नसताना गाडी बाहेर काढली. चूक माझी.

चार महिने त्याला गाडी मिळाली नाही. डेपोत टायरं बदलत राहिला. जुने सोबती त्याला खुळा म्हणाले. जबाबाची नक्कल ट्रकमालकानं वाचली आणि कारभारीला कामावर ठेवलं. ते सांगायला कारभारी स्वतः डेपोत आला. शलमोनच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या हातातला जॅक त्यानं काढून घेतला आणि उरलेलं चाक स्वतः चढवलं.

जूनमध्ये शलमोन परत मिरजगावच्या गाडीवर चढला. पहिले काही दिवस बैलगाडी ओलांडायलाही तो पुढचा रस्ता रिकामा दिसेपर्यंत थांबायचा. गाडी उशिरा पोचायची, उतारू बोलायचे. तो म्हणायचा, "दमानं घ्या. म्होरचं दिसू द्या."