दर्याकडची कूस

अंगठा उचलला, तरी डाग लालच राहिला.

निरोगी कातडी दाबून सोडली की आधी पांढरी पडते, मग रंग भरतो. डाग लालच राहिला, तर समजायचं की तिथलं रक्त फिरेनासं झालंय. ही बेडसोअरची सुरुवात. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपतं आणि कुजतं.

डाग लक्ष्मणच्या उजव्या खुब्यावर होता. लक्ष्मण दिघीकडचा कोळी, ऐन तिशीतला. डोलकाठीवरून पडला आणि कमरेखालची जाणीवच गेली. त्यामुळे दुखतंय असंही तो सांगणार नव्हता. खाडीकाठच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात मी तेव्हा स्टाफ नर्स होते. त्याचं स्पंजिंग, म्हणजे अंथरुणातच अंग पुसून घेणं, मीच करायचे. चादरीला सुरकुती राहू देत नव्हते. दर दोन तासांनी मी किंवा आया त्याची कूस बदलत असू. तरी डाग काळा पडला, कातडी सुटली आणि खाली खड्डा झाला. वास येऊ लागला.

“सिस्टर, हाडापर्यंत गेलं तर विष अंगात भिनेल,” डॉक्टर म्हणाले. “मग माझ्या हातात काही नाही. तुम्ही कूस बदलता ना?”

“बदलते, सर.”

“मग डावा खुबा इतका कोरा कसा?”

रोज सकाळी मिठाच्या पाण्यानं जखम धुताना आत हाड तर दिसत नाही ना, तेच मी धास्तीनं आधी बघायचे. माणूस माझ्या डोळ्यांदेखत सडत होता.

एका दुपारी त्याला डाव्या कुशीवर वळवून मी ड्रेसिंगचं सामान आणायला गेले. परत येते तो हा पुन्हा उजव्या कुशीवर! त्याची बायको चांगुणा पाठीमागे धापा टाकत उभी.

“तू वळवतेस त्याला? नवऱ्याचा जीव घेतेस का?”

“बाय, तिकडं दर्या हाय,” डावीकडच्या खिडकीकडे बोट दाखवत ती रडतच म्हणाली. “ओहोटी लागलीय. सासरा असाच दर्याकडं तोंड करून निजला, नि उतरत्या पान्यासंगं त्याचा जीव गेला. ह्यांना मी न्हाय जाऊ देनार.”

“मीच सांगतो तिला, वळव म्हणून,” लक्ष्मण हळूच म्हणाला.

मला खूप ओरडायचं होतं. पण मी दोघांचे चेहरे पाहिले. मी त्या खड्ड्याला जेवढी घाबरत होते, तेवढीच ती त्या खिडकीला घाबरत होती.

“खिडकी बंद केली तर?”

“भिंतीआड दर्या हायच की, बाय.”

“बरं, दर्या डोक्याशी आला तर?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. “डोक्याशी चालंल. तोंड नको तिकडं.”

आयाला हाताशी घेऊन मी खाट फिरवली. आता लक्ष्मणचं डोकं खिडकीशी होतं. कुठल्याही कुशीवर वळला तरी समोर भिंतच येणार होती.

डॉक्टर आले. “ही खाट आडवी कुणी केली? इन्स्पेक्शनला काय सांगू?”

“सिस्टरचं डोकं फिरलंय म्हणून सांगा.”

त्यांनी मला खाली-वर न्याहाळलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तेव्हा मी त्याला डाव्या कुशीवर वळवलं. चांगुणानं त्याचं मनगट घट्ट धरलं. त्यानं डोळे गच्च मिटले. खरं सांगते, एवढं शिकलेली मीसुद्धा एकदा खाडीकडे, एकदा त्याच्या छातीकडे बघत होते. पाणी हटलं. मचवे चिखलात कलंडले. तेवढ्यात त्याच्या घशातून खर्र आवाज आला आणि चांगुणा किंचाळली.

लक्ष्मण घोरत होता.

जखम तळापासून भरत आली आणि शिमग्याच्या सुमारास मिटली. पाय मात्र परत आले नाहीत. घरी बसून तो जाळी विणू लागला. पुढे मी त्याच्या घरी गेले, तेव्हा तिथेही खाट दर्याकडे डोकं करूनच मांडलेली होती.

तेव्हापासून नव्या नर्सेसना मी एवढंच सांगत आले: जखम उजवीकडे असली, तर आधी डावीकडे काय आहे ते बघा.